दिगंबर प्राग बघून आला

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळा पोरगा होता. नाव दिगंबर. पोरगा वाईट नव्हता हो. सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि घोडं तिथंच पेंड खायचं.

त्याला मृणाल आवडायची आणि मृणालला तो. पण मृणालचे वडील भाऊसाहेब पडले हायस्कूलचे हेडमास्तर. ते म्हणाले, "मुलगी देतो. आधी जग बघ, शहाणा हो, शिकल्याचा दाखला आण, मग ये." कॉलेजची मुलं महिनाभर प्रागला निघाली होती, जुन्या इमारतींचा अभ्यास करायला. दिगंबरही निघाला. प्रागला त्याच्या चुलतभावाचं घर होतं. तिथं उतरला. सकाळी वर्ग, दुपारी शहर बघणं.

पहिल्याच दिवशी कुचेरासाहेब, म्हणजे तिथले प्राध्यापक, म्हणाले, "गाईडबाईंच्या हातात पिवळी छत्री आहे. तिच्या मागे चाला, चुकणार नाही."

दिगंबर छत्रीच्या मागे चालला. वाटेत एक आजीबाई भाजी घेऊन चालल्या होत्या. त्यांचीही छत्री पिवळी. दिगंबर त्यांच्या मागे वळला. जिने चढला. आजीबाईंनी कुलूप काढलं तसा हा आत. बूट दाराशी काढले, मांडी घातली आणि वाट बघत बसला, आता इतिहास सांगतील. आजीबाईंनी इतिहास सांगितला नाही. पोलीस बोलावले.

वहिनी त्याला सोडवून घरी घेऊन आल्या. "अहो भावोजी, छत्री काय कुणाकडेही असते. माणसाच्या तोंडाकडे बघत जावं."

"असं होय," दिगंबर म्हणाला. "आधी सांगायचं नाही का?"

दुसऱ्या दिवशी मोठं चर्च बघायचं होतं. गाईडबाई छताकडे बोट करून चित्रांची माहिती देत होत्या. सगळ्यांच्या माना वर. दिगंबरचे डोळे बाईंच्या तोंडावर. बाई डावीकडे सरकल्या, हाही सरकला. बाई खांबाआड गेल्या, हाही गेला. शेवटी त्यांनी विचारलं, "काय हवंय तुला?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

बाईंनी कुचेरासाहेबांकडे तक्रार केली. वहिनींनी कपाळावर हात मारला. "हे भाऊसाहेबांच्या कानावर गेलं तर मृणालचं नाव विसरा. समोरचा बोट दाखवेल तिकडे बघायचं, आणि वा, सुंदर, म्हणायचं. पाहुण्यानं कौतुक करावं."

"असं होय," दिगंबर म्हणाला.

मग तो जुना पूल बघायला गेला. गर्दीत एकानं त्याच्या खांद्यावरची बॅग ओढली आणि धूम ठोकली. बाकावरचा म्हातारा बोट दाखवून म्हणाला, "अरे, तुझी बॅग. तो बघ, तो पळतोय."

दिगंबरनं बघितलं. "वा," तो म्हणाला, "सुंदर."

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. बॅगेबरोबर वहिनींच्या थालीपिठांचा डबाही गेला. त्याचं मात्र वहिनींना खरंच वाईट वाटलं. स्टीलचा डबा होता, माहेरचा. "भावोजी, बॅग घेऊन कुणी पळताना दिसला की कमरेला मिठी मारायची. काही झालं तरी सोडायचं नाही."

"असं होय."

महिना संपला. शेवटच्या दिवशी कुचेरासाहेबांना सुट्टीसाठी गावी जायचं होतं. समोर ट्राम उभी. साहेब बॅग घेऊन पळाले. दिगंबरनं धावत जाऊन कमरेला मिठी मारली. ट्राम गेली. मागची आली, तीही गेली. साहेब म्हणाले, सोड. साहेब म्हणाले, बाबा रे, सोड. दिगंबर म्हणाला, "वहिनींना विचारावं लागेल."

वहिनी आल्या तेव्हा कुठं सुटका झाली. साहेबांनी तिथल्या तिथं दाखला लिहून दिला, 'अतिशय उत्तम, आणखी शिकण्याची गरज नाही.' हा परत येऊ नये म्हणून दिला, असं वाईट बोलणारे म्हणतात.

निघताना वहिनींनी बजावलं, "गाडीकडे धावणाऱ्याला अडवू नये. उलट मदत करावी. मागून रेटा द्यावा, आत चढवावं, हात हलवून निरोप द्यावा."

"असं होय."

इकडे दाखल्याचा फोटो बघून भाऊसाहेब विरघळले. "पोरगा सुधारला," म्हणाले, आणि तो येईल त्याच दुपारचा साखरपुडा ठरवून टाकला. मृणाल हिरवी पैठणी नेसली. स्वतः भाऊसाहेब हार घेऊन, मुलीला आणि भटजींना घेऊन स्टेशनवर गेले.

गाडी हुबळीची. आमच्या स्टेशनात जेमतेम टेकते. दिगंबर अगदी शेवटच्या डब्यातून उतरला. बघतो तर भाऊसाहेब, मृणाल आणि भटजी गाडीच्या कडेनं धावतायत, खिडकीखिडकीत डोकावतायत. गाडीनं शिट्टी दिली.

दिगंबर वाऱ्यासारखा धावला. आधी मृणालला चढवलं. मग भटजींना. भाऊसाहेब वजनदार, त्यांना खांदा लावला.

"अरे दिगंबर, ऐक तरी," भाऊसाहेब दारातून म्हणाले.

"नंतर बोलू, आता सांभाळून बसा," दिगंबर म्हणाला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभा राहिला.

स्टेशनमास्तर जवळ आले. "अरे, आज साखरपुडा ना तुझा?"

"हो ना," दिगंबर घाम पुसत म्हणाला. "तरी बरं, मी वेळेवर पोचलो. नाहीतर सगळ्यांची गाडी चुकली असती."