पेपरावरचा डाग

वस्तूंना वाचा होती तेव्हाची गोष्ट. पिंगळी नावाची पाळीव अजगरीण काचेच्या पेटीत राहायची. खाली देवदाराचा घमघमणारा भुसा असे. त्या वासाने पिंगळीला धाप लागे, आणि मालकीण म्हणे, "पेटी कशी दरवळतेय!"

एकदा भुसा कमी पडला, म्हणून तिने अर्ध्या पेटीत जुना पेपर अंथरला.

"काय रे रद्दी," भुसा खिदळला, "तुझ्यावर एवढासा डाग पडला तरी लगेच दिसतो!"

"दिसायलाच हवा!" पेपर कडाडला. "तू घाण पोटात घालतोस आणि वर अत्तर शिंपडतोस."

सकाळी पेपरावर डाग दिसला. तो काढायला मालकीण वाकली, तेव्हा तिला पिंगळीची घरघर ऐकू आली. हा भुशाच्या उग्र वासाचा त्रास, हे तिने ओळखले आणि भुसा तडक बाहेर गेला. पिंगळीने मोकळा श्वास घेतला.

"पेपरकाका, तुम्हीही निघालात?"

"निघालो, पोरी. डाग दाखवून झाला. आता ताजा पेपर येईल."