फटफटी हलेना, पिल्लू सुटेना

भिंतीच्या पायाशी एक बीळ. बिळात राहायची चिचुंद्री. चिचुंद्रीला एकच पिल्लू. एवढंसं. गुलाबी नाकाचं.

दुपार झाली. पिल्लू झोपलं. चिचुंद्री निघाली किडे शोधायला. तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आली एक फटफटी. जुनी जुनी. चिखलाने माखलेली. फट फट फट! फट... फट... फुस्स!

बंद पडली. नेमकी बिळावर! मागचं चाक बिळाच्या तोंडावर.

फटफटी होती भिकनदादाची. भिकनदादाने किक मारली. खट! पुन्हा मारली. खट! फटफटी काही सुरू होईना. इंजिन तापलेलं. बोट लावलं तर चर्रर्र!

"हात्तिच्या!" म्हणाला भिकनदादा. आणि जाऊन बसला सावलीत. टोपीने वारा घेत.

चिचुंद्री परत आली. तोंडात किडा. बघते तर काय? बीळच नाही! बिळावर चाक. आतून आवाज येतोय.

चिक चिक चिक चिक!

चिचुंद्रीच्या तोंडातला किडा खाली पडला.

ती धावली भिकनदादाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"भिकनदादा, भिकनदादा, फटफटी हलव.
फटफटी हलली, की माझं पिल्लू सुटेल."

"कशी हलवू? प्लग काळा झालाय. ठिणगी पडत नाही."

"हाताने ढकल ना, दादा. थोडीशीच."

"ढकलू? एवढ्या उन्हात? छे! मी नाही हलवणार. मिस्त्रीने प्लग पुसला, तरच हलवीन."

चिचुंद्री गेली रज्जाक मिस्त्रीकडे. गल्लीच्या मध्यावर त्याचं गॅरेज. तुरुतुरु तुरुतुरु.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, प्लग पुसा.
प्लग पुसला, की भिकनदादा फटफटी हलवेल.
फटफटी हलली, की माझं पिल्लू सुटेल."

मिस्त्री म्हणाला, "भिकनची फटफटी ना? अगं, प्लग पुसून काय होणार? पुन्हा काळा होईल. तिची हवेची जाळी धुळीने भरलीये. हवा जाते कमी. पेट्रोल जातं जास्त. आधी जाळी धुवायला पाहिजे."

"मग धुवा ना, चाचा."

"मी? माझे हात बघ. कोपरापर्यंत ऑइल! मी नाही प्लग पुसणार. ठकूमावशीने जाळी धुतली, तरच पुसेन."

चिचुंद्रीने कान दिला. लांबून आवाज आला. चिक चिक चिक.

चिचुंद्री गेली ठकूमावशीकडे. ठकूमावशी गल्लीभरचे कपडे धुवायची. तुरुतुरु तुरुतुरु.

"ठकूमावशी, ठकूमावशी, जाळी धू.
जाळी धुतली, की मिस्त्रीचाचा प्लग पुसेल.
प्लग पुसला, की भिकनदादा फटफटी हलवेल.
फटफटी हलली, की माझं पिल्लू सुटेल."

ठकूमावशीने पिंपावर टिचकी मारली. ठण ठण!

"ऐकलंस? कोरडं ठणठणीत! सकाळपासून बसलेय. कपड्यांचा हा ढीग. तुझी जाळी कशाने धुऊ? मी नाही धुणार. हिरामणने टँकरचं पाणी दिलं, तरच धुईन."

चिचुंद्रीने कान दिला. लांबून आवाज आला. चिक... चिक.

चिचुंद्री धावली रस्त्यावर. ऊन मी म्हणत होतं. डांबर पोळत होतं. चारही पाय भाजले. तरी धावली. तुरुतुरु तुरुतुरु.

रस्त्यावर उभा होता टँकर. टँकरच्या सावलीत बसला होता हिरामण. चपला काढून. पाय पसरून.

"हिरामणदादा, हिरामणदादा, पाणी दे.
पाणी दिलंस, की ठकूमावशी जाळी धुईल.
जाळी धुतली, की मिस्त्रीचाचा प्लग पुसेल.
प्लग पुसला, की भिकनदादा फटफटी हलवेल.
फटफटी हलली, की माझं पिल्लू सुटेल."

हिरामण म्हणाला, "टँकर आत कसा नेऊ? गल्लीच्या तोंडाशी फटफटी उभी आहे. ती हलू दे. ती हलली, तरच पाणी देईन."

"एक बादली दे ना, दादा. एकच."

"आणि उचलायची कोणी? मी? छे!"

चिचुंद्रीने मनातल्या मनात जुळवून पाहिलं.

भिकनदादा थांबला मिस्त्रीसाठी.
मिस्त्री थांबला ठकूमावशीसाठी.
ठकूमावशी थांबली हिरामणसाठी.
हिरामण थांबला फटफटीसाठी.
आणि फटफटी थांबली पिल्लाच्या डोक्यावर!

चिचुंद्रीने कान दिला.

काहीच आवाज आला नाही.

मग चिचुंद्रीने दात विचकले. छोटे छोटे. सुईसारखे. समोर हिरामणचा अंगठा.

कच्च!

"आई गं!" हिरामण उडाला. धडपडला. पडता पडता त्याने टँकरचा नळ धरला. नळ फिरला. धो धो धो! पाणीच पाणी!

"अरे, पाणी चाललं वाया!" हिरामणने बादली लावली. बादली भरली. नळ बंद केला. आता काय करणार? उचलली. नेली ठकूमावशीकडे.

पाणी मिळालं. ठकूमावशीने मिस्त्रीला हाक मारली. "ओ मिस्त्री, आणा ती जाळी!" मिस्त्रीने फटफटीची जाळी काढली. ठकूमावशीने साबण लावला. खसाखसा चोळली. बादलीत बुचकळली. पाणी झालं काळं. जाळी झाली स्वच्छ. पिळली, झटकली, वाळायला टाकली.

जाळी धुतली. मिस्त्री प्लग काढायला गेला.

चर्रर्र! "हाय अल्ला! अजून चटका बसतोय. थांबा. इंजिन गार होऊ द्या."

"त्यात काय? ओता की पाणी!" म्हणाला भिकनदादा.

"वेडा की काय? तापल्या इंजिनावर गार पाणी? तडा जाईल तडा! आणि ते तापतं का, माहितीये? इंजिनाची ही पाती बघ. सगळी चिखलाने भरलीत. वारं लागणार कुठून?"

मिस्त्रीने घेतली काडी. वाळलेला चिखल कोरू लागला. खर्र खर्र. खर्र खर्र.

भिकनदादा बसला. हिरामण बसला. ठकूमावशीने चहा आणला. सगळे चहा प्यायले.

चिचुंद्री बसली नाही. चाकाशी नाक लावून उभी राहिली. माती उकरत राहिली. माती दगडासारखी टणक. "आले हं बाळा," ती म्हणायची. "आले हं."

आतून काहीच आवाज नाही.

ऊन उतरलं. इंजिन गार झालं. जाळीही वाळली. मिस्त्रीने जाळी बसवली. प्लग काढला. फडक्याने पुसला. घासला. पुन्हा पुसला. ठिणगी पाहिली. चट्! निळी निळी.

प्लग बसवला. भिकनदादाने किक मारली.

खट! खट!

फट... फट... फट फट फट फट!

"झाली रे सुरू!" भिकनदादा ओरडला. फटफटीवर बसला. फटफटी हलली. चाक सरकलं.

बिळाचं तोंड दबून गेलं होतं. चिचुंद्रीने ढेकूळ ओढलं. दुसरं ओढलं. तिसरं ओढलं.

आणि एक एवढंसं नाक बाहेर आलं.

गुलाबी नाक काळं झालं होतं. अंगाला ऑइलचा वास. डोळे मिटलेले. चिचुंद्रीने चाटलं. पुन्हा चाटलं. पुन्हा चाटलं.

"चिक," म्हणालं पिल्लू.

हळूच म्हणालं. पण म्हणालं!

तिकडे सगळे खूश. "माझ्या हाताची कमाल!" म्हणाला मिस्त्री. "माझ्या साबणाची!" म्हणाली ठकूमावशी. "पाणी कोणी आणलं?" म्हणाला हिरामण. अंगठ्याचं कोणी बोललं नाही. पिल्लाचंही कोणी बोललं नाही.

मग ठकूमावशीने खाली पाहिलं. "अगंबाई! चिचुंद्री! शी शी, हाकला तिला!"

केरसुणी आली. सट्! सट्!

चिचुंद्री भांडली नाही. बीळ मोडलं होतं. पिल्लू मिळालं होतं. तिने शेपटी पुढे केली. पिल्लाने दातांत शेपटी धरली. पुढे आई, मागे पिल्लू. दोघं निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गल्ली संपली. रस्ता संपला. शेताचा बांध आला.

बांधावर पिल्लाने शेपटी सोडली.

"आई, मी किती हाका मारल्या! कोणालाच ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या ना, बाळा."

"मग ते सगळे एवढा वेळ काय करत होते?"

चिचुंद्री म्हणाली, "एकमेकांची वाट बघत होते."

मग तिने नवीन बीळ खणायला घेतलं.

चिचुंद्री गेली पल्याड, गोष्ट राहिली अल्याड.