काटा की कुसळ?

फार वर्षांपूर्वी एका वनाने ठरवले, की सर्वांनी मिळून बगळेवैद्यांना पोसावे आणि त्यांनी सर्वांचे काटे काढावेत. एकट्या सशाला ते पटेना. "माकडाच्या पायाचा भार मी का वाहू?" असे म्हणत त्याने आपला वाटा न देता कोल्ह्याकडून काटा-विम्याचे पान घेतले.

पुढे त्याचाच पाय सुजला. लांडगा माग काढत होता आणि सशाला उडी मारवेना. कोल्ह्याने पाय निरखून पाहिला.

"ससेभाऊ, हे कुसळ आहे. पानावर काटा लिहिलाय."

ससा लंगडत बगळेवैद्यांकडे गेला. "काटा नाही, कुसळच आहे," तो ओशाळून म्हणाला.

"असू दे. पाय पुढे करा."

कुसळ निघताच सशाने टुणकन उडी मारली आणि मागच्या रांगेत माकड पाहून तो कुजबुजला, "वैद्यबुवा, ते माकड फुकटात तर घुसलं नाही ना?"