खुशीचा पुकारा

यमाजी गुरव आपल्या दोन वाजंत्र्यांना घेऊन घाटाखालच्या गावी लग्नाला निघाला होता. मुहूर्त दुपारचा होता. घाटाच्या तोंडाशी भगवंतराव नाकेदाराने त्यांना अडवलं. यमाजीने सरकारी पट्टी मुकाट्याने भरली, तरी नाक्याचा आडवा बांबू काही वर जाईना.

"आमची खुशी राहिली," नाकेदार म्हणाला. "मी कुणाकडे मागत नाही, लोक आपणहून देतात. ज्याची मर्जी नसेल त्याने संध्याकाळपर्यंत इथंच बसावं."

संध्याकाळी पोचून वाजवायचं कुणापुढे? यमाजी हात जोडून म्हणाला, "देतो की, रावसाहेब. खुशी म्हणजे आहेरच. आणि आहेर पुकारल्याशिवाय द्यायची आमच्यात रीत नाही."

त्याने सनई काढली आणि ताशेवाल्याला खूण केली.

"काय पुकारणार?" नाकेदाराने विचारलं.

"जे आहे तेच. यमाजी गुरवाकडून भगवंतराव नाकेदारांना, बांबू वर केल्याबद्दल दोन रुपये खुशी. खाली मामलेदारसाहेबांचा तळ पडलाय. घाटात आवाज लांब जातो, तुमचा मान त्यांच्याही कानावर जाईल."

नाकेदाराने दरीतल्या पांढऱ्या राहुट्यांकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने बांबू वर केला. "राहू दे. जा तुम्ही."

तेवढ्यात मागे खोळंबलेल्या रांगेतून बांगड्यांची पेटी सावरत एक कासारीण पुढे आली. "गुरवदादा, जरा थांबा," ती म्हणाली, "माझाही आहेर पुकारायचाय."

मग रांग संपेपर्यंत तो बांबू खाली आला नाही.