कोऱ्या कागदावरचं नाव

फॅक्सचं यंत्र नवं नवं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बार्शीला द्वारकाबाई क्षीरसागर यांचा तेलाचा घाणा होता. जिल्ह्याच्या करसाहेबांचा हुकूम आला, हिशोबाचे कागद फॅक्सने पाठवा. बाईंनी फॅक्सच्या बूथवर जाऊन त्याच दिवशी पाठवले. पण कचेरीतल्या यंत्रातून निघालेले ते गुळगुळीत कागद खिडकीत उन्हात पडून राहिले, आणि फॅक्सची अक्षरं उन्हाला टिकत नाहीत, ती पार उडून गेली.

ऐन दिवाळीच्या तोंडावर बाईंना बोलावणं आलं. साहेबांनी ढिगातला एक कागद उपसून चारचौघांत फडकवला.

"सरकारला कोरे कागद पाठवता? उद्याच घाण्याला कुलूप लावतो!"

बाईंनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग ढिगाकडे.

"साहेब, इथं तर सगळेच कागद कोरे. मग हा माझाच कशावरून?"

"मला शिकवता? आला तेव्हा मी स्वतः वाचलाय! वर तुमच्या घाण्याचं नाव, खाली तुमचा अंगठा!"

"वाचलात ना? मग मी पाठवला तेव्हा त्यावर अक्षरं होतीच. कोरा केला तो तुमच्या खिडकीनं. कुलूप लावायचंच तर तिला लावा." बाई खुर्ची ओढून बसल्या. "आणि कागद मिळाल्याची पोच द्या. त्याशिवाय मी काही उठत नाही."

शिपाई तोंड फिरवून हसला. साहेबांनी शाईनं पोच लिहिली.

बाईंनी ती खिडकीतल्या उन्हात धरली, अक्षरं उडत नाहीत ना ते बघितलं, आणि मगच ती पदरात बांधून गाठ मारली.