तळाच्या नटाची साक्ष

घाटात अजून डांबर पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. हिरोजीची जीप गॅरेजातून ऑइल बदलून निघाली. बॉनेट कसं आरशासारखं पुसलेलं! पण पहिल्याच चढाला इंजिनाच्या पोटात खरखर सुरू झाली.

"पट्टीबाई, ऑइल आहे ना गं?" इंजिनाने घाबरून विचारलं.

"काठोकाठ आहे," ऑइल मोजणारी पट्टी म्हणाली. "उगाच घोर नको."

तरी इंजिनाचा जीव थाऱ्यावर येईना. त्याने तळाच्या नटाला हाक मारली. जुनं ऑइल सोडायचं तर आधी त्यालाच फिरवावं लागतं.

"माझ्यावर गेल्या पावसाळ्यातला चिखल तसाच आहे," नट म्हणाला. "मला कुणी पाना लावलाच नाही. जुन्या काळ्या ऑइलवरच नवं ओतलंय."

इंजिन धापा टाकू लागलं. हिरोजीने जीप कडेला घेतली, पट्टी ओढली, बोटांवर ऑइल चोळून पाहिलं. कचकच लागली. इंजिन निवल्यावर त्याने सीटखालचा ऑइलचा डबा काढला आणि पाना घेऊन तो जीपखाली सरकला.

"अरे, याने जन्मात कधी नट खोललेला नाही!" इंजिन ओरडलं. "हा माझं वाटोळं करणार!"

"पाना दोनदा निसटला त्याचा, खरंय," नट म्हणाला. त्याच्यावरची चिखलाची खपली गळून पडली. "पण माझ्याकडे बघायला मातीत आडवा झाला, तो हाच."