नाचणीचं घरटं आणि गुरुजींचा फोटो

कुठल्याशा डोंगराखालच्या गावात पाखरं दाखवून पोट भरणारी एक बाई राहायची. फाल्गुनात पळस फुलला की शहरातले लोक गळ्यात कॅमेरे अडकवून यायचे आणि ती त्यांना रानात न्यायची. तिचा एकच नियम होता. घरट्यात पिल्लं असली की ते घरटं कुणालाही दाखवायचं नाही.

एका वर्षी गावच्या निवृत्त गुरुजींनी कॅमेरा घेतला. गुरुजींचा शब्द गावात कुणी मोडत नसे. ते बरोबर असायचे म्हणून नव्हे, ते गुरुजी होते म्हणून. ओढ्याकाठच्या आंब्यावर, अगदी हाताला येईल अशा फांदीवर नाचण पाखराने वाटीएवढं घरटं केलंय, हे त्यांच्या कानावर आलं होतं. बाईने आढेवेढे घेतले. तेव्हा ते हसून म्हणाले, की तुला पाखरांची नावं लिहायला कुणी शिकवलं ते जरा आठव. बाई वाट दाखवत पुढे निघाली.

घरट्यात दोन पिल्लं होती, कालपरवाची, अंगावर पीससुद्धा नाही. वर पानांची एक डहाळी झुकली होती आणि तिची सावली फोटोत येत होती. गुरुजींनी पिशवीतून सुतळी काढली.

"ही डहाळी मागे ओढून बांध."

"पिल्लांना ऊन लागेल, गुरुजी."

"कापायला सांगितलंय का? बांध म्हटलं. का आता तू मला शिकवणार?"

तिने बांधली.

नाचण चोचीत किडा धरून यायची, माणसं पाहून शेपटीचा पंखा उघडायची, मिटायची आणि मागे फिरायची. ऊन चढत गेलं. बाईने दोनदा सोडू का म्हणून विचारलं, दोन्ही वेळा गुरुजी म्हणाले, पाच मिनिटं थांब. पिल्लांनी आधी चोची वासल्या, मग माना टाकल्या. बाईला सगळं दिसत होतं. गाठ तिच्या हाताशीच होती. पण गुरुजी रागावतील, चारचौघांत बोलतील, एवढ्या भीतीने ती नुसती उभी राहिली.

शेवटी नाचण घरट्याच्या काठावर बसली. गुरुजींना हवा तो फोटो मिळाला. बाईने धावत जाऊन सुतळी सोडली. पिल्लं हलत नव्हती.

"निसर्गाचा नियम आहे, पोरी. सगळीच जगत नाहीत," गुरुजी म्हणाले. नजर कॅमेऱ्यावरच होती.

"निसर्गाने सुतळी आणली नव्हती. तुम्ही आणलीत. आणि बांधली मी."

पुढे तो फोटो चौकट करून ग्रामपंचायतीत लागला. खाली नाव होतं, 'वात्सल्य'. सगळं गाव कौतुकाला जमलं. तेव्हा बाई उठली आणि शांतपणे म्हणाली, की या फोटोतली आई मेलेल्या पिल्लांना भरवतेय, आणि त्यांना मारणाऱ्यांत मीही आहे.

मोठ्यांबद्दल असं बोलतात का, म्हणून गावाने तिलाच दटावलं. पिल्लांचं कुणी विचारलं नाही. फोटो अजून तिथेच आहे.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनी आधी वाचावं: ज्या मानापायी दुसऱ्याचा जीव जातो, तो मान मागणाराही दोषी आणि देणाराही.